काजूच्या चोथ्याने विहिरीचे पाणी गाळले, सकाळी ड्रममध्ये शाई

वेळगे_कुळागर · १८ एप्रिल

नमस्कार मंडळी. माझे रसायनशास्त्र दहावीला संपले, तेव्हा उत्तर देताना तेवढे लक्षात ठेवा.

गोव्यात पाळी-वेळगे भागात आमचे घर. मागे कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, वर डोंगराला काजू. पूर्वी माझे दोन टिप्पर खनिजाच्या वाहतुकीला होते. २०१२ च्या सप्टेंबरात खाणबंदीने सगळे थांबले, मध्ये काही काळ हलले, आणि २०१८ च्या मार्चमध्ये परत थांबले तेव्हा दुसराही टिप्पर विकला. आता मी, पोफळी, काजू आणि हुर्राकाची, म्हणजे काजूच्या दारूची, एक लहान भट्टी.

विहीर चिऱ्यांनी (जांभ्या दगडाने) बांधलेली, आजोबांच्या वेळची. पाणी वर काढताना काचेसारखे स्वच्छ. बादलीत रात्रभर ठेवले की सकाळी तळाला तांबडा गाळ आणि वर तेलासारखा तवंग. न्हाणीच्या फरशीवर काळा थर बसतो, तो ब्रशने निघत नाही. पांढरे शर्ट दोन महिन्यांत पिवळे. गेल्या महिन्यात नमुना तपासून घेतला. लोह लिटरला २.३ मिलिग्रॅम, मँगनीज ०.४४, पीएच ५.९ (सातच्या खाली, म्हणजे किंचित आंबट). शिसे आणि कॅडमियम सापडले नाही. पिण्याला नळ आहे (२०२२ साली गोवा ‘हर घर जल’ झाला तेव्हापासून नाही, आमच्याकडे त्याच्याही आधीपासून आहे), पण आंघोळ, कपडे, भांडी आणि गुरे विहिरीवरच. नळाला पाणी नसते त्या दिवशी पिणेही.

माझा भाचा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो सांगत आला की झाडपाल्याचा कचरा, म्हणजे नारळाची सोडणे, भाताचे तूस, केळीच्या साली, पाण्यातले जड धातू ओढून घेतात. त्यावर जगभर ढिगाने संशोधन झाले आहे. म्हणाला, “मामा, तुझ्याकडे तर बोंडूंचा चोथा डोंगरभर पडलाय.” ते मात्र खरे. बोंडू मळून रस काढला की उरतो तो चोथा, त्याला चिलटे बसतात, वास मारतो, आणि कुठे टाकायचा हा दरवर्षीचा प्रश्न. मी म्हटले बरे झाले, दोन्ही रोगांवर एकच औषध.

चोथा दोनदा धुतला, खळ्यात तीन दिवस कडक वाळवला, जुन्या धोतरात बांधून गाठोडे केले आणि ५० लिटरच्या निळ्या ड्रममध्ये विहिरीचे पाणी भरून आत सोडले. संध्याकाळी पाणी चहासारखे झाले. भाचा म्हणाला, रंग जाईल. सकाळी बघतो तर काळीनिळी शाई! थट्टा नव्हे, मी काडी बुडवून वर्तमानपत्राच्या कडेला सही केली, ती अजून आहे. वर हुर्राकाचा वास. बायको बघून गेली, म्हणाली, “आता ह्यातच भात शिजवते.” त्या दिवसापासून भाचा फोन उचलत नाही.

विचारायचे ते असे. हे काळे काय झाले? चोथ्यावर काही प्रक्रिया करावी लागते म्हणतात ती कोणती, आणि ती घरी जमते का? की ह्या सगळ्या कागदावरच्या गोष्टी?

---

म्हापसा_शुक्रवार · १८ एप्रिल

भाटकारा, ड्रम ओतू नका. शाईचा भाव फेणीपेक्षा बरा असेल तर धंदा बदला.

---

फोंड्याचा_मास्तर · १९ एप्रिल

काका, ती शाई म्हणजे खरोखरच शाई. जुन्या काळी हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून शाई करत, ते तुम्ही ऐकले असेल. हिरड्यात टॅनिन, हिराकसात लोह. बोंडू खाल्ल्यावर घसा धरतो तो टॅनिननेच. तुमच्या चोथ्यात टॅनिन, विहिरीत लोह. रात्रभर हवा लागली, लोह गंजाच्या अवस्थेत गेले आणि टॅनिनशी जुळून काळे झाले. म्हणजे भाच्याचे सगळेच चुकले नव्हते. चोथ्यातल्या रसायनाने लोह पकडले, यात शंका नाही. पण ते रसायन चोथ्यातून सुटून पाण्यात उतरले होते, त्यामुळे पकडलेले लोहही पाण्यातच राहिले. चोराला धरणारा पोलीसच चोराबरोबर पळाला, असे समजा.

म्हणून प्रक्रिया. तिचे पहिले काम धातू पकडणे नव्हेच. जे सुटणारे आहे ते आधीच काढून टाकणे, एवढेच ते काम. साखर, रंग, टॅनिन. कच्चा भुसा पाण्यात टाकला तर धातू कमी होण्याआधी पाणी सडते.

दुसरे काम पकड वाढवण्याचे. वनस्पतीच्या पेशीभित्तीत सेल्युलोज, लिग्निन, पेक्टिन असते आणि त्यांच्यावर आम्लधर्मी गट टांगलेले असतात. त्यांच्या हातात आधी हायड्रोजन, सोडियम किंवा कॅल्शियम असते. शिसे किंवा तांबे जवळ आले की हातातले सोडून ते धरतात. ही अदलाबदल आहे, गाळणी नाही. पाणी फार आंबट असेल तर हायड्रोजनचीच गर्दी होते आणि धातूला जागा मिळत नाही. म्हणून पीएच ४ ते ६ च्या दरम्यान हा खेळ सगळ्यांत चांगला चालतो. त्याच्या खूप वर गेलात तर धातू आपोआप गाळ होऊन बसतो, आणि भुश्यानेच काढला असे वाटून विद्यार्थी खूश होतात. माझेही झाले आहेत.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या न्यू ऑर्लिन्स इथल्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात सोयाबीनच्या टरफलांवर जी कृती बसवली ती आम्ही कॉलेजात सोडणाच्या भुश्यावर करतो. भुसा गरम पाण्याने रंग जाईपर्यंत धुवायचा. मग लिटरला ४ ग्रॅम कॉस्टिक सोडा असलेल्या पाण्यात भिजवून परत धुवायचा. पहिल्यांदा निघणारे पाणी कोकमाच्या आगळासारखे लालभडक असते आणि सात-आठ पाण्यांनंतर तुम्ही कंटाळता. कंटाळायचे नाही. मग लिंबूसत्त्व, लिटरला सव्वाशे ग्रॅम, त्यात भिजवायचे, ६० अंशांवर रात्रभर सुकवायचे आणि १२० अंशांवर दीड तास भाजायचे. त्या उष्णतेत लिंबूसत्त्व सेल्युलोजला कायमचे चिकटते आणि आपल्याकडचे जादाचे आम्लगट भुश्याला देऊन टाकते. शेवटी परत धुणे, आणि खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून एकदा काढणे. हे शेवटचे लोक विसरतात. विसरलात तर भुसा धातू घेताना पाण्यात आम्ल सोडतो, आणि तुमची विहीर आधीच ५.९ आहे. कॉस्टिक हाताळताना हातमोजे, चष्मा, आणि ॲल्युमिनियमचे भांडे अजिबात नको.

आता वाईट बातमी. हे सगळे करूनही तुमच्या विहिरीला त्याचा उपयोग नाही.

सगळे धातू सारखे चिकटत नाहीत. रसायनशास्त्रात अर्विंग-विल्यम्स क्रम म्हणून एक ओळ आहे. मँगनीज सगळ्यांत शेवटी, मग लोह, कोबाल्ट, निकेल, आणि शिखरावर तांबे. त्यानंतर जस्त परत खाली. भुश्याचा अनुभव साधारण तसाच आहे, फक्त शिसे तांब्याच्याही आधी जागा धरते. जत्रेच्या बसमध्ये मँगनीज म्हणजे दारात लोंबकळणारा, पुढच्या स्टॉपवर कोणी दांडगा चढला की पहिला तोच खाली. आणि तुमच्या पाण्यात नेमका तोच आहे.

हिशेबही मांडून बघा. घराला दिवसाला ४०० लिटर पाणी धरा. लोह २.३ म्हणजे रोज ९२० मिलिग्रॅम. इतक्या पातळ पाण्यात भुश्याने ग्रॅमला २ मिलिग्रॅम लोह उचलले असे मी धरतो, म्हणजे रोज ४६० ग्रॅम भुसा, वर्षाला दीडशे किलोच्या वर. तो धुणार कोण, भाजणार कोण, आणि मुख्य म्हणजे वापरलेला टाकणार कुठे?

आणि भाच्याला एक सांगा. लेखांत ९५ टक्के धातू काढला असे वाचले की आधी सुरुवात कितीपासून केली ते बघायचे. बहुधा ऊर्ध्वपातित पाण्यात एकच धातू, लिटरला १०० मिलिग्रॅम. ९५ टक्के काढल्यावर राहिले ५. शिशाची पिण्याची मर्यादा ०.०१ आहे. म्हणजे एवढ्या यशानंतरही मर्यादेच्या पाचशे पट. वर खऱ्या पाण्यात कॅल्शियम, लोह, चिखल सगळेच रांगेत असतात.

तुमच्यासाठी उपाय हवा आणि रेती, पण त्याआधी एक विचारतो. नमुना कुठून घेतला होता? रहाटाने कळशी ओढून, की पंपाच्या नळाला?

---

वेळगे_कुळागर · १९ एप्रिल

मास्तर, उत्तर दोनदा वाचले, एकदा भाच्याला वाचून दाखवले. तो फोनवर “हो हो” करत होता, म्हणजे पाचशे पटीचे त्याला माहीत नव्हते.

नमुना न्हाणीतल्या नळाचा. मिनरल वॉटरची बाटली धुऊन भरली आणि दुसऱ्या दिवशी दिली. पाइप जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा), वडिलांनी घातलेला, तीस वर्षे तरी झाली. त्याने काय फरक पडतो? खनिजाच्या खाणी इतक्या जवळ असताना लोह पाइपातून कशाला येईल?

आणि चोथ्याचे काय करू ते कोणीच बोलले नाही.

---

फोंड्याचा_मास्तर · २० एप्रिल

फरक खूप पडतो. आपल्या चिऱ्याच्या जमिनीतले पाणी मऊ आणि किंचित आंबट असते, मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन येते म्हणून. असे पाणी लोखंडी पाइप हळूहळू खाते. जीआयवरचे जस्त आधी जाते, मग लोखंड. पितळी तोटीतून शिसेही येऊ शकते. खाणीवर राग असेल तर असू दे, माझाही आहे, पण चिरा म्हणजे मुळात लोहाचाच दगड, आणि आपल्या खनिजात मँगनीज पहिल्यापासून आहे. काय खाणीचे, काय जमिनीचे आणि काय वडिलांच्या पाइपाचे, हे एका बाटलीवरून कळत नाही.

परत तपासा. एक नमुना कळशीने थेट विहिरीतून, एक नळाचा सकाळचा पहिला, एक नळ दहा मिनिटे सोडून. धातू तपासायच्या बाटलीत तपासणाराच आम्लाचे थेंब घालून देतो, तसे मागून घ्या. नाहीतर लोह बाटलीच्या भिंतीला चिकटून बसते आणि अहवालात कमी दिसते. पीएच जागेवरच मोजा. बाटलीत ठेवले की कार्बन डायऑक्साइड उडतो आणि आकडा बदलतो.

चोथा गुरांना थोडा, बाकीचा शेण आणि पाल्याबरोबर थर देऊन खतात. विहिरीपासून लांब.

---

कुंडई_जुना_कामगार · २१ एप्रिल

वाचत होतो, राहवेना म्हणून लिहितो. मी प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याच्या, एका युनिटात अकरा वर्षे होतो. नाव विचारू नका.

तिथे निकेल आणि क्रोमचे पाणी निघते. नेहमीची रीत अशी: क्रोमचे पिवळे पाणी आम्ल घालून पीएच दोन-तीनला आणायचे, त्यात मेटाबायसल्फाइट नावाचे रसायन टाकायचे, पिवळ्याचे हिरवे होते. मग चुना घालून आठ-नऊला नेले की गाळ बसतो. तो गाळ दाबून पोत्यात, आणि पोते धोकादायक कचऱ्याच्या नोंदीने ठरलेल्या जागी. ह्याला पैसे लागतात. म्हणून एक वर्ष मालकाने कोणाच्या तरी सांगण्यावरून सोडणाच्या भुश्याच्या टाक्या लावल्या.

पहिला आठवडा मस्त चालले. क्रोमचे पिवळे पाणी आंबट असताना भुश्याला लागले की तसेच हिरवट व्हायचे, मेटाबायसल्फाइटसुद्धा कमी लागायचे. मग टाक्या चोंदल्या. वरचे चार बोट चिखल, खाली पाणी जातच नाही. पावसाळ्यात त्यावर बुरशी, आणि उघडले की कुजलेल्या काथ्याचा वास. काथ्या कुजवायच्या खाजणात गेला असाल तर कळेल. आम्ही म्हणायचो, साहेब, आधी चुन्याने गाळ बसवू, मग उरलेल्याला भुसा लावू. ऐकले नाही.

पण खरी गोष्ट पुढे. भुसा भरला की तो हिरवा-काळा होतो. त्याचे काय? मालक म्हणाला, झाडाचाच कचरा आहे, सेंद्रिय आहे. आणि एका रविवारी तो सगळा कुंपणामागे टाकला. त्याच्या पुढे ओहोळ. पहिल्या पावसाचे पाणी थोडे आंबट असते, मास्तर सांगतील, जे धरले होते ते सोडले असणार. नंतर कोणी तरी त्याला आग लावली. राख उडाली. निकेल जळत नाही.

आम्ही पाच माणसे ते बघत होतो आणि कोणी बोललो नाही, नोकरी होती. आज लिहितो आहे एवढेच.

---

फोंड्याचा_मास्तर · २१ एप्रिल

भाऊ, हे मी वर्गात वाचून दाखवणार आहे. तुमचे क्रोमचे निरीक्षण अगदी बरोबर आहे. त्या पिवळ्या पाण्यातले सहा-संयुजी क्रोमियम ऋणभारित असते, ते बाकीच्या धातूंसारखे चिकटत नाही. आंबट पाण्यात आधी भुसाच त्याला बदलतो, मग धरतो. आर्सेनिकही बाकीच्या धातूंसारखे धनभारित नसते, आणि त्याला नुसता भुसा जवळजवळ हातच लावत नाही.

---

होंड्याची_वहिनी · २२ एप्रिल

भाऊजी, एवढे सगळे करण्यापेक्षा माझे बघा. आमची विहीरही तशीच तांबडी होती. शिकलेल्यांनी सांगितलेल्यावर मी डोके लावले.

तीन पसरट घमेली, तळाला भोके, एकाखाली एक, मध्ये हातभर अंतर. वर पंपाचे पाणी शॉवरसारखे पडते. वरच्या दोन घमेल्यांत शिंपल्या, तिसऱ्या आणि खुबे या खाडीतल्या मासळीच्या. आमच्या घरी आठवड्यातून दोनदा तरी तिसऱ्या असतातच, मी शिंपल्या उकळून, घासून, उन्हात वाळवून साठवते. पाणी थेंबथेंब पडताना हवा घेते, आणि शिंपल्या म्हणजे चुनाच, त्याने आंबटपणा मरतो. तिसरे घमेले रिकामे. मग टाकी, ती रात्रभर तशीच. तांबडे सगळे खाली बसते. टाकीतून वरचे पाणी रेतीच्या पिंपात, दोन हात रेती, खाली खडी.

तांबडे गेले. काळे मात्र पहिले दोन-तीन महिने जात नव्हते, मी नाद सोडणार होते. मग रेती आपोआप काळी पडली आणि फरशीवरचा थर थांबला. का ते मला माहीत नाही. शिंपल्यांवर तांबडी साय धरते, महिन्याने चोळून धुवायची. दुसऱ्या वर्षी शिंपल्या बिस्किटासारख्या पातळ होतात, मग नव्या. मासे खायला निमित्त.

---

फोंड्याचा_मास्तर · २२ एप्रिल

वहिनी, तुम्ही दोन वाक्यांत जे सांगितले ते मी आख्ख्या तासात सांगतो. आंबटपणा कमी झाला की लोहाचे गंजणे प्रचंड वेगाने वाढते, पीएच एकाने चढला तर साधारण शंभरपट. म्हणून नुसती हवा पुरत नाही, शिंपल्याही लागतात. आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडाला की पीएच अर्धा-पाऊण तसाही चढतो.

काळ्या रेतीचे गुपित असे. मँगनीज नुसत्या हवेने गंजायला फार वेळ लावते. पण रेतीच्या कणावर एकदा त्याचे काळे ऑक्साइड बसले की तोच थर पुढच्या मँगनीजला ओढतो आणि गंजवतो, काही जीवाणूही मदत करतात. दह्याला विरजण लागते तसे. म्हणून ती रेती घासून पांढरी करायची नाही. काका, हे लिहून ठेवा. पिण्याला वापरण्याआधी परत तपासणी, मँगनीजला आपल्या मानकात ०.१ आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ०.३ पर्यंत. लोहाला १.

आणि भाच्याचा हिरमोड करू नका. त्याला भुसाच करायचा असेल तर तुमच्या कुळागरात एक धातू हातातला आहे. पोफळीच्या कोळेरोगाला फवारता ते मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण. मोरचूद म्हणजे तांबे, आणि तांबे ओळीच्या शिखरावर. सुपारीच्या साली तुमच्याकडे फुकट. कोयत्याची परीक्षा तुम्हाला माहीत असेलच.

---

वेळगे_कुळागर · २९ जून

उशीर झाला, फवारणीच्या गडबडीत होतो. तीन गोष्टी सांगतो.

पहिली, तपासणी. कळशीच्या पाण्यात लोह १.४. नळाच्या पहिल्या पाण्यात ३.१. दहा मिनिटे सोडल्यावर १.९. मँगनीज तिन्हीकडे ०.४ च्या आसपास. म्हणजे मँगनीज जमिनीचे, आणि लोहातला चांगला वाटा वडिलांच्या पाइपाचा. दहा वर्षे मी भाटातल्या पारावर बसून खाणीला शिव्या देत होतो. शिव्या परत घेत नाही, पण थोड्या पाइपालाही दिल्या. पाइप बदलला.

दुसरी, वहिनींची घमेली लावली. शिंपल्यांसाठी आमच्याकडे तिसऱ्यांचे प्रमाण वाढले, त्यावर घरात कोणाची तक्रार नाही. तांबडे गेले. काळ्याची वाट बघतो आहे.

तिसरी भाच्याची. सुपारीच्या साली मास्तरांच्या कृतीने धुतल्या, भाजल्या. भाजायला त्याच्या आईचा केकचा ओव्हन, तिला आधी सांगितले नव्हते. मोरचूद १० ग्रॅम १० लिटरात, फिकट निळे पाणी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बोर्डोत चुना कमी पडला तर कोयत्याचे पाते बुडवल्यावर त्यावर तांब्याचा लाल थर चढतो. चढला की अजून चुना घालायचा. पाव किलो साल टाकायच्या आधी पाते बुडवले, लालभडक. रात्रभर ठेवून सकाळी बुडवले, काहीच नाही. भाचा नाचला. मी म्हटले, पाचशे पट आठव. मग कॉलेजात मोजून आणले. तांबे लिटरला २५५ मिलिग्रॅमवरून ९. छान ना? पिण्याची शेवटची मर्यादा १.५. कोयत्याला ९ दिसत नाही, एवढेच.

आता पाव किलो निळसर साल एका पिशवीत मांगराच्या (बागेतल्या खोपटाच्या) आढ्याला टांगली आहे. कुंडईच्या भाऊंचे वाचल्यापासून ती खाली उतरवायची छाती होत नाही. भाचा म्हणत होता खतात मिसळू, त्याला ओरडलो.

---

फोंड्याचा_मास्तर · ३० जून

ओरडलात ते बरोबर केलेत. पण तुमच्याकडे प्लेटिंगवाल्यांना नसलेली सोय आहे. पातळ गंधकाम्लात ती साल ढवळली तर हायड्रोजनची गर्दी होऊन तांबे सुटते, म्हणजे परत मोरचूदच. हे कॉलेजात, शिक्षकांसमोर, भाच्याने करायचे, मांगरात नाही. निघालेले निळे पाणी पुढच्या बोर्डोत मोरचुदाच्या पाण्यात मिसळा आणि कोयता स्वच्छ राहीपर्यंत जादा चुना घाला. आणि मिश्रण उरवू नका, उरलेच तर गाळ तरी ओहोळात धुऊ नका. पोफळीखाली वर्षानुवर्षे तांबे साठते, त्यावर कुठली साल चालत नाही.

---

वेळगे_कुळागर · २८ सप्टेंबर

केले तसे. निळे पाणी दुसऱ्या फवारणीला गेले, साल भाच्याने परत वापरली, तिसऱ्या खेपेला तिची पकड अर्ध्यावर आली असे त्याने वहीत लिहिले आहे. तेच त्याच्या प्रोजेक्टचे शेवटचे पान. त्याने शीर्षकात “स्वस्त” शब्द घातला होता, मी कॉस्टिक, लिंबूसत्त्व, ओव्हनची वीज आणि त्याच्या आईची बोलणी मोजून तो काढायला लावला.

घमेल्यांचे मात्र ऐका. ऑगस्टात फरशीवरचा काळा थर थांबला. मी नमुना दिला, मँगनीज ०.०८. वहिनींना फोन करावा म्हणत होतो, नंबर नाही. मग गणपतीची चवथ आली. घरभर साफसफाई, रंग, माटोळी, मुंबईहून भाऊ-भावजय. मी न्हाणीमागचे सगळे धुवायला काढले, पिंपातली रेती बघितली तर कोळशासारखी. म्हटले पाहुणे येणार, हे काय दिसते. बाहेर काढली, ओहोळावर नेली, दोन तास चोळली. पांढरी स्वच्छ करून परत भरली. बायकोने विचारले होते, “मास्तरांनी काही लिहून ठेवायला सांगितले होते ना?” मी म्हटले, ते शिंपल्यांचे.

काल परत अहवाल आला. ०.३९.

वहिनी, तुमच्याकडची मूठभर काळी रेती मिळेल का, विरजणाला? होंड्याला मीच येतो.